सायकली कमी द्या, पण चालत्या ठेवा

प्रति,
झांबिया, मलावी, केनिया इथल्या ग्रामीण शाळांना सायकली देण्याचा विचार करणारी मराठी मंडळे, रोटरी क्लब आणि कंपन्यांच्या सीएसआर समित्या यांना

सप्रेम नमस्कार.

वाटपाचा कार्यक्रम कसा करावा हे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. ते सगळ्यांना जमते. अवघड असतो तो त्यानंतरचा नववा महिना. तेव्हा दिलेल्यांपैकी किती सायकली सकाळी शाळेच्या वाटेवर दिसतील, हे खरेदीच्या आधी तुमच्या बैठकीतच ठरून जाते आणि बहुतेक प्रस्तावांत त्यासाठी रकानाच नसतो. म्हणून मागणी आधीच मांडतो: 500 सायकलींचा ठराव झाला असेल, तर 350 घ्या आणि उरलेला पैसा त्या 350 चालत्या ठेवायला राखून ठेवा.

हिशेब असा. समजा एक मजबूत सायकल शाळेच्या दारात 150 डॉलरला पडते. 500 सायकलींचे 75,000 डॉलर होतात. 350 घेतल्या तर 52,500 लागतात, 22,500 हाताशी राहतात. दोन वर्षांच्या सुट्या भागांसाठी सायकलीमागे 30 डॉलर धरले, तर 10,500. सात मेकॅनिकांचे प्रशिक्षण आणि हत्यारांचे संच, प्रत्येकी 400 प्रमाणे 2,800. उरलेल्या 9,200 मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणाहून सामान नेणे-आणणे आणि दोन वर्षांच्या तपासणीच्या फेऱ्या बसतात. समितीत कोणीतरी हमखास म्हणणार, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण इथे मसाला तीस टक्केच आहे, आणि तो नसेल तर कोंबडी कोणाच्या पोटात जात नाही.

हा खर्च आपल्या लोकांच्या डोक्यात येत नाही याला कारण आहे. बिहारने 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी 2000 रुपये दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. या योजनांना दुरुस्तीची वेगळी सोय करावी लागली नाही, कारण फाट्याफाट्यावर पंक्चरवाला आधीच बसलेला होता. पाण्याची घमेली, रबर घासायची कानस, दोरीला टांगलेले जुने टायर. ती सोय कोणत्याही सरकारी ठरावात नव्हती, तरी योजना चालली त्यात तिचाही वाटा होता. झांबियाच्या दक्षिण प्रांतात शाळा आणि वस्ती यांच्यामधल्या वाटेवर असे कोणी नसते. सुटे भाग मिळतात ते मोंझे, चोमा, कालोमो अशा मोठ्या रस्त्यावरच्या गावांत, आणि आतल्या वस्तीवरून तिथे जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तिथे एक पंक्चर म्हणजे सायकल भिंतीला टेकवून ठेवली जाते, आणि मग तिचे पायडल दुसऱ्या सायकलीला, सीट तिसऱ्या सायकलीला जाते.

झांबियात याच प्रांतात सुमारे शंभर शाळांमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळा निवडून सायकलींचा परिणाम मोजला गेला. पाचवी ते सातवीतल्या, शाळेपासून 3 किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या मुली त्यात होत्या. एका वर्षात शाळेच्या प्रवासाचा वेळ सुमारे 35 टक्क्यांनी, उशिरा पोचणे 66 टक्क्यांनी आणि गैरहजेरी 28 टक्क्यांनी घटली. हे आकडे तुमच्या प्रस्तावांत मोठ्या अक्षरांत असतात. मात्र ज्या कार्यक्रमाचे हे आकडे आहेत, त्यात सायकलीबरोबर गावातला प्रशिक्षित मेकॅनिक, सुट्या भागांची साखळी आणि शाळेची देखरेख समिती होती. आकडा एका कार्यक्रमाचा घ्यायचा आणि त्यातली फक्त सायकल विकत घ्यायची, हे बरोबर नाही.

आता सायकल कोणती, याकडे येऊ. तुमच्यापुढे साधारण तीन पर्याय ठेवले जातात.

पहिला, पुण्या-मुंबईत किंवा परदेशात गोळा केलेल्या जुन्या सायकली. कृपया हा पर्याय सोडा. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशा चारशे ते पाचशे बसतात, पण त्यांत टायरचेच सात-आठ माप निघतात. डिरेलर गिअर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) वाळूत महिनाभरात अडकतात. स्वस्त सस्पेन्शनचा फोर्क गळू लागला की दुरुस्त होत नाही, आणि अॅल्युमिनियमची फ्रेम तडकली तर गावातला वेल्डर तिला हात लावू शकत नाही. लोखंडी फ्रेम तो सांधतो. मिश्र सायकलींसाठी सुट्या भागांचा साठा करताच येत नाही, हे एकच कारण नकाराला पुरेसे आहे. दारेसलाम बंदरापासून लुसाकापर्यंत सुमारे 2000 किलोमीटर रस्त्याचे भाडे भरून भंगार पोचवण्यात काही अर्थ नाही.

दुसरा, आपल्याकडे दूधवाले वापरायचे तसली 28 इंची काळी, रॉड ब्रेकची सायकल. लुधियानाहून आणि चीनहून अशा सायकली आफ्रिकेत वर्षानुवर्षे जातात. तिचे टायर, ट्यूब, बेअरिंगच्या गोळ्या, पायडलचे दांडे आसाला धरणाऱ्या कॉटर पिना जवळपास प्रत्येक तालुक्याच्या बाजारात मिळतात, हा तिचा मोठा गुण. मलावीत ‘काबाझा’ म्हणजे सायकल-टॅक्सी चालवणाऱ्यांमुळे तर सुट्या भागांची दुकाने चांगली चालतात. दोष दोन. एक, क्रोमच्या रिमवर ओल्या रबराचा ब्रेक लागतच नाही म्हटले तरी चालेल. दोन, उंच दांडी आणि मोठे चाक बारा वर्षांच्या मुलीला झेपत नाही. मग ती सायकल मोठा भाऊ नेतो, आणि त्यात त्याची चूक नसते, कारण सायकल त्याच्याच मापाची असते.

तिसरा, या कामासाठी मुद्दाम बनवलेली सायकल. ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली देण्यापासून सुरू झाली आणि 2006 मध्ये झांबियात आली. तिची ‘बफेलो’ सायकल सुमारे 23 किलो वजनाची आहे. कॅरिअर 100 किलो पेलते, मागे कोस्टर ब्रेक आहे, म्हणजे पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. तीच घ्या असा आमचा आग्रह नाही. पण कोणाकडूनही घ्या, तिची वैशिष्ट्ये समोर ठेवून मागणीपत्र लिहा.

त्यात स्पोकचा, म्हणजे चाकाच्या तारेचा, गेज (जाडी) लिहाच. 14 गेजचा स्पोक 2 मिलिमीटर, 13 गेजचा 2.3 मिलिमीटर. हा फरक हाताला लागत नाही, पण तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने वाढते. मुलगी, धाकटे भावंड आणि पाण्याचा कॅन असे वजन मागच्या चाकावर आले की 14 गेजचे स्पोक हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकावर तुटू लागतात, एक तुटला की शेजारच्यांवर ताण येतो आणि रिंग आउट होते, म्हणजे चाक वाकडे फिरते. फ्रेम खालच्या दांडीची मागा. सीट अगदी खाली केल्यावर सगळ्यात बुटक्या मुलीचे दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. युनिफॉर्मचा स्कर्ट तारांत अडकू नये म्हणून चेनकव्हर आणि मागच्या चाकाला स्कर्टगार्ड लागतो, त्याशिवायचा माल परत करा.

कोस्टर ब्रेकला केबल नाही, रबर नाही, चिखलाने फरक पडत नाही. तरी त्याची एक खोड सगळ्यांना माहीत हवी: चेन उतरली की ब्रेक गेला. म्हणून पुढच्या चाकाला साधा का होईना वेगळा ब्रेक हवाच, आणि चेन मधोमध वर-खाली हलवून पाहिली तर सुमारे एक सेंटिमीटर ढिली असावी. त्याहून ढिली चेन खड्ड्यात उतरते, ताठ चेन बेअरिंग खाते. हबपासून निघणारी एक पट्टी फ्रेमच्या खालच्या नळीला क्लिपने आवळलेली असते, ब्रेक लावल्यावर हबचा जोर तीच झेलते. घाईच्या जुळणीत तिचा नट बोटांनी फिरवून सोडून दिला जातो. मग पहिल्या जोरदार ब्रेकला पट्टी फिरते आणि तारांत घुसते. शंभर सायकली तपासायला एक तास असेल आणि एकच गोष्ट बघायची असेल, तर हा नट बघा.

पंक्चरबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण सायकल बंद पडण्याचे ते सगळ्यात साधे आणि सगळ्यात मोठे कारण आहे. आपल्या शेतात जे सराटे असतात, तीच वनस्पती आफ्रिकेच्या दक्षिण भागातही पायवाटांच्या कडेने पसरते, आणि वर बाभळीच्या जातीचे लांब काटे आहेतच. टायरची छाती, म्हणजे जमिनीला लागणारा भाग, जाड हवी आणि ट्यूब साध्यापेक्षा जाड. जुन्या टायरच्या कडेच्या तारा कापून उरलेली पट्टी आत घालायची आपली गावठी युक्ती तिथेही उत्तम चालते, फक्त पट्टीची टोके घासून पातळ केली नाहीत तर तीच ट्यूब कापते. काट्याशिवायचे दुसरे पंक्चर म्हणजे शेजारीशेजारी दोन भोके. ते कमी हवेमुळे होते: खडकावर चाक आपटले की रिमच्या दोन्ही कडा ट्यूब चिमटतात. मुली दोष काट्याला देतात, दोष पंपाचा असतो. तीस सायकलींमागे एक उभा पंप शाळेच्या व्हरांड्यात साखळीने बांधून ठेवा, त्याने ही पंक्चर बरीच कमी होतात. ट्यूबचा व्हॉल्व्ह सगळ्या मालात एकच असू द्या. आपल्याकडच्या ट्यूबमध्ये रबरी वॉलट्यूब असते, ती उन्हाने चिकट होऊन फाटते आणि पंक्चर नसताना हवा जाते. ती असेल तर शंभर सायकलींमागे दोनशे वॉलट्यूब पाठवा, खर्च नगण्य आहे. सोल्युशनच्या मोठ्या डब्या नकोत. उघडलेली डबी उष्णतेने सुकते, छोट्या ट्यूब बऱ्या.

नवी सायकल ही तयार सायकल नसते. जुळणीच्या वेळी हब उघडून बघा, स्वस्त मालात ग्रीस नावापुरते असते. पहिल्या दोन आठवड्यांत स्पोक बसून सैल पडतात आणि क्रँकचे (पायडलच्या दांड्याचे) नट ढिले होतात. चौकोनी टोकावरचा क्रँक ढिला असताना मुलगी चालवत राहिली तर आतला चौकोन गोल होतो, मग क्रँकच बदलावा लागतो. म्हणजे पाच मिनिटांच्या आवळण्यासाठी पूर्ण भाग जातो. वाटपानंतर पंधराव्या दिवशी सगळ्या सायकली शाळेत आणवून क्रँक, चाकांचे नट, हँडल आणि डावे पायडल तपासणे ही पहिली सर्व्हिस. ती चुकवू नका. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, आणि नवखा माणूस जोर लावून सुलट फिरवतो, इथे अनेक क्रँक वाया जातात. मेकॅनिकला शिकवताना पहिल्या तासाला हे सांगायचे.

मेकॅनिक किती? पन्नास सायकलींमागे एक, आणि तो त्याच शाळेच्या परिसरातला. शहरातून महिन्यातून एकदा येणारा कितीही हुशार असला तरी उपयोगाचा नाही. पाच दिवसांच्या शिबिरात चाक सरळ करणे, हब आणि बीबी (क्रँकच्या आसाचे बेअरिंग) उघडून ग्रीस भरणे, कोस्टर ब्रेक साफ करणे आणि पंक्चर इतके नीट येते. निवडताना हत्यार हातात धरलेला माणूस बघा, प्रमाणपत्र बघू नका. महिलांना मुद्दाम घ्या: मुली त्यांच्याकडे सायकल नेताना बिचकत नाहीत, आणि पुरुष कामासाठी शहराकडे निघून जातात तशा त्या सहसा जात नाहीत. संचात 13 ते 15 मापाचे पाने, हबच्या कोनचे (बेअरिंग आवळणाऱ्या नटाचे) पातळ पाने, स्पोकची चावी, क्रँक काढायचा पुलर, चेन तोडायचे हत्यार, टायर लिव्हर, हातोडी, पंप आणि ग्रीस एवढे हवे. बेअरिंगच्या गोळ्या 1/4, 3/16 आणि 5/32 इंच अशा तिन्ही मापांच्या.

शंभर सायकलींच्या पहिल्या वर्षासाठी आम्ही धरतो तो साठा असा: ट्यूब 150, टायर 40, पॅच 600, स्पोक 300, चेन 25, पायडलचे जोड 30, बीबीचे संच 20, सीट 10. दुसऱ्या वर्षी टायर 100 धरा. वाळूची वाट असेल तर चेन वाढवा, खडकाळ असेल तर ट्यूब आणि स्पोक. हा साठा शाळेच्या कपाटात फुकट वाटायला ठेवू नका. फुकटचा माल सहा महिन्यांत संपतो आणि पुढे मेकॅनिककडे ना माल राहतो ना गिऱ्हाईक. तो मेकॅनिकला उधारीवर द्या, त्याने माल विकून पैसे भरावेत आणि त्याच पैशांत पुढचा माल यावा. शाळेच्या सायकलींवर त्याचे घर चालणार नाही, गावातल्या बाकीच्या सायकलींवर चालेल. म्हणून जवळच्या बाजारात मिळणाऱ्या मापाच्या सायकली घेणे त्याच्याही फायद्याचे. ज्या मुलीच्या घरी खरोखर पैसे नसतील तिला समितीने चिठ्ठी द्यावी आणि मेकॅनिकचे पैसे निधीतून चुकते करावेत. मजुरी बुडवायची नाही.

समितीत मुख्याध्यापक, एक शिक्षिका, दोन पालक, गावाचा मुखिया आणि दोन विद्यार्थिनी असाव्यात. आधी करार, मग सायकल. झांबियात रुळलेली पद्धत अशी की मुलगी दोन वर्षे नियमित शाळेत आली की सायकल तिच्या मालकीची होते, तोवर मालकी शाळेची. करारात विकण्याची बंदी असतेच, पण घरच्या वापराबद्दल स्पष्ट लिहा. कापणीनंतर बाप 50 किलोचे मक्याचे पोते खरेदी केंद्रावर नेणार, आई आजारी माणसाला दवाखान्यात नेणार. त्यावर बंदी घालणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. शाळेच्या दिवशी सकाळ-दुपार सायकल मुलीची, बाकी वेळ घराची, आणि घराने मोडली तर घराने दुरुस्त करायची, एवढा नियम लोक पाळतात. फ्रेमवर क्रमांक ठोकून घ्या, स्टिकर सोलला जातो.

कोणाला द्यायची ते अंतरावरून ठरवा, गुणांवरून नको. पहिल्या नंबरची मुलगी शाळेशेजारीच राहत असते. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका, पावसाळ्यात ओढा भरला की वळसा किती पडतो ते विचारा. 3 किलोमीटरच्या आतल्यांना नको. 10 च्या पुढच्या लहान मुलींना सायकलीपेक्षा वसतिगृहाची गरज असते, तिथे प्रामाणिकपणे नाही म्हणा. एका वाटेवरच्या मुलींना एकत्र द्या. झांबियात अनेक शाळा सकाळी सातला भरतात आणि जून-जुलैत सूर्य सव्वासहानंतर उगवतो. पाच-सहा जणी बरोबर असल्या की घरचे पाठवतात. पुष्कळ मुलींनी आधी सायकल चालवलेलीच नसते, त्यामुळे वाटपाआधी मैदानावर चार-पाच दिवस शिकवणी ठेवा. उलट पायडलचा ब्रेक सवयीचा व्हायला तेवढे लागतात.

झांबिया आणि मलावीत वाटप मे-जूनमध्ये करा. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असतो, ट्रक अडकतो आणि शिकाऊ मुलगी पहिल्याच दिवशी चिखलात पडते. मागे मोजत गेलात तर माल जानेवारीत जहाजावर चढायला हवा. करमाफीचे पत्र जहाज सुटण्याआधी हातात असू द्या. झांबियात 16 टक्के व्हॅट आहे, आणि कागद नंतर मिळतील या भरवशावर निघालेला कंटेनर बंदरात रोजचे भाडे खात बसतो. त्याहून सोपे म्हणजे तिथेच जुळणी करणाऱ्या पुरवठादाराकडून घेणे.

शेवटी अहवाल. फोटो मागू नका. सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी न सांगता जा, हजेरीपट आणि पाच खुणा बघा: ब्रेक लागतो का, दोन्ही चाकांत हवा आहे का, क्रँक हलतो का, रिंग फ्रेमला घासते का, सीट मुलीच्या उंचीला लावलेली आहे का. सीट वर चढवलेली दिसली तर सायकल दुसरेच कोणीतरी वापरते. बारा महिन्यांनी शंभरातल्या ऐंशी चालत्या नसतील तर पुढची खेप थांबवा आणि आधी मेकॅनिकला भेटा.

कोटेशन मागवाल तेव्हा पुरवठादाराला दोन प्रश्न लेखी विचारा: स्पोक, टायर आणि मागच्या हबचे आतले भाग शाळेपासून सगळ्यात जवळ कुठे मिळतात, आणि किती क्वाचाला (झांबिया, मलावीचे चलन)? उत्तरात गावाचे नाव आणि किंमत नसेल, तर त्या सायकली घेऊ नका.

आपले,
ग्रामीण शाळांसाठी सायकलींची जुळणी, दुरुस्ती आणि प्रशिक्षण करणारे काही जण